तीन दुकानं, १९ माणसं आणि काकांचा पगार

वाचकाचं पत्र

गोव्यात फोंडा, म्हापसा आणि डिचोली इथे आमची इलेक्ट्रॉनिक्सची तीन दुकानं आहेत. बाबांनी उभी केली. वर्षभरापासून कारभार माझ्याकडे आहे. तिन्हीकडे मिळून १९ माणसं. २०२५ च्या सप्टेंबरात एसी आणि मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा दसरा-दिवाळीला विक्री चांगली झाली. नंतर पुन्हा तेच. लोक येतात, टीव्ही बघतात, मोबाइलवर ऑनलाइन किंमत दाखवतात आणि निघून जातात.

मुंबईच्या एका सल्लागाराकडून अहवाल करून घेतला. त्यात चार गोष्टी सांगितल्या आहेत. सगळ्यांत जास्त पगाराच्या पाच सेल्समनना कमी करा. उरलेल्यांचा ठरलेला पगार एक तृतीयांशावर आणा, बाकी कमिशन. मोबाइल, टीव्ही, फ्रिज, बिलिंग, सगळं सगळ्यांनी करायचं. आणि फ्लोअरवर माणूस कमी पडला तर कंपन्यांचे प्रमोटर, म्हणजे कंपनीच्या पगारावर दुकानात उभी राहून तिचा माल दाखवणारी मुलं, उभे करा.

त्या पाचांत पहिलं नाव फोंड्याच्या काकांचं आहे. २२ वर्षं आमच्याकडे, पगार २६ हजार, हल्ली गुडघे दुखतात. मी शाळेत असल्यापासून त्यांना काका म्हणते. अहवाल वाचल्यापासून बाबा माझ्याशी धंद्याबद्दल बोलत नाहीत. २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या तेव्हाही त्यांनी डिचोलीतला एकही माणूस काढला नव्हता. म्हापशाला माझा चुलतभाऊ मॅनेजर आहे. ४५ हजार घेतो, दुपारी बाराला येतो. अहवालात त्याचा उल्लेख नाही.

पाच जणांना काढू का? आणि काढायचं तर काकांना कुठल्या तोंडाने सांगू?

नाव छापू नये, फोंडा

उत्तर

प्रिय ताई,

पाच जणांना काढू नका. काकांना तर मुळीच नाही. पण आहे तसंच चालू द्या असंही मी सांगणार नाही, कारण तुमची अडचण खरी आहे. कामांची वाटणी जुनी झाली आहे आणि ती बदलावीच लागेल. अहवालात ती बदललेलीच नाही. लिहिणाऱ्याने पगारपत्रक समोर ठेवलं, मोठे आकडे शोधले आणि त्यांच्यावर रेघ मारली. दुकानात कोण काय करतो, कुणाच्या हातून गिऱ्हाईक टिकतं आणि कुणाच्या हातून सुटतं, याची एक ओळही तुमच्या पत्रात दिसत नाही, म्हणजे बहुधा अहवालातही नसावी.

हा प्रयोग एका मोठ्या कंपनीने करून पाहिलेला आहे. अमेरिकेत सर्किट सिटी नावाची इलेक्ट्रॉनिक्स दुकानांची साखळी होती. मार्च २००७ मध्ये तिने दुकानांतल्या सुमारे ३,४०० कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं. त्यांनी कामात कसूर केली नव्हती. बाजारात त्या कामाला जेवढा पगार मिळतो त्याहून त्यांचा जास्त होता, एवढंच कारण. त्यांच्या जागी कमी पगारावर नवे लोक घेतले. नोव्हेंबर २००८ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २००९ मध्ये तिची दुकानं बंद झाली. केवळ या एका निर्णयाने ती बुडाली असं म्हणणं खोटं ठरेल. मंदी होती, स्पर्धा होती, आणि फ्रिज-वॉशिंग मशीनसारखी मोठी उपकरणं विकणं तिने २००० मध्येच सोडलं होतं. पण गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाकडे वळत असताना, त्याला थांबवण्याची ज्यांच्यात हातोटी होती तेच लोक तिने बाहेर काढले. तुमचा सल्लागार तेच सांगतो आहे, फक्त छोट्या आकड्यात.

आता काकांकडे वळू. २६ हजारांत तुम्ही नेमकं काय विकत घेता, हे एखाद्या शनिवारी संध्याकाळी फोंड्याच्या दुकानात फ्रिजच्या रांगेशी उभं राहून बघा. नवा मुलगा गिऱ्हाइकाला काय विचारतो? ‘बजेट किती?’ मग लिटर सांगतो, स्टार सांगतो, ईएमआय सांगतो. हेच सगळं गिऱ्हाइकाने मोबाइलवर आधीच वाचलेलं असतं, मग त्याने किमतीचं का विचारू नये? जाणता माणूस वेगळं विचारतो. घरात माणसं किती? मासे रोज आणता की आठवड्याचे? १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, त्या आधी साठवून ठेवता का? उत्तर ‘हो’ आलं की तो त्यांना मोठ्या फ्रीझरच्या मॉडेलकडे नेतो, आणि न्यायलाच हवं, कारण लहान फ्रीझर घेऊन गेलेलं ते कुटुंब मेअखेरीला तुमच्या नावाने बोटं मोडणार. घराला जिना कसा आहे, वळणावर पेटी फिरेल का, जुन्या घराचा दरवाजा किती रुंद, हे तो बिल करायच्या आधी विचारतो. हे न विचारल्यामुळे डिलिव्हरीचा टेम्पो फ्रिज घेऊन परत आला, तर ते भाडं कुणाच्या खिशातून जातं?

एसीचंही तसंच. मंगळुरी कौलांच्या, सीलिंग नसलेल्या खोलीत दीड टनाचा एसी लावला तरी ती थंड होत नाही. हे विकणाऱ्याने आधी सांगितलं तर एक विक्री जाते, आणि न सांगितलं तर एक घराणं जातं. कळंगुट-कोलव्याच्या बाजूला खाऱ्या वाऱ्याने बाहेरचं युनिट लवकर गंजतं. तिथे कॉइल कसली आहे आणि युनिट कुठे बसवायचं हे ठरवायला माणूस लागतो. वरची टाकी जेमतेम छपराच्या उंचीवर असेल तर ऑटोमॅटिक मशीनला पाण्याचा दाब पुरत नाही. परदेशी असलेल्या मुलाचं बंद घर नाताळला उघडतं आणि पावसाळाभर दमट हवेत बंद राहिलेला टीव्ही चालू होत नाही. तेव्हा तो मुलगा कस्टमर केअरच्या नंबरावर नव्हे, ओळखीच्या सेल्समनला फोन करतो. ऑनलाइन दुकानाकडे किंमत आहे, ही ओळख नाही. तुमच्या तीन दुकानांकडे असलेली तेवढीच एक गोष्ट आहे, आणि ती पाच माणसांच्या डोक्यात आहे.

काढण्याचा खर्चही अहवालात नसेल, म्हणून ढोबळ मांडतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू आहेत. कामगाराच्या व्याख्येत बसणाऱ्या आणि वर्षभर सलग काम केलेल्या माणसाला कपातीत काढायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, अधिक पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षासाठी १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. पुन्हा कौशल्य शिकण्यासाठीच्या निधीत १५ दिवसांचा पगार वेगळा. ग्रॅच्युइटी निराळी. काकांचा २६ हजार हा सगळा कायद्याच्या अर्थाने पगार धरला तर ग्रॅच्युइटी होते ३,३०,००० रुपये. कपातीची भरपाई सुमारे २,८६,०००. नोटिशीचे २६,०००, निधीचे १३,०००. एकूण साडेसहा लाखांच्या वर. ग्रॅच्युइटी तुम्हाला कधी ना कधी द्यायचीच आहे, ती बाजूला ठेवली तरी सव्वातीन लाख उरतात. त्यांच्या जागी नवा मुलगा १६ हजारांवर घेतलात तर महिन्याला १० हजार वाचणार. म्हणजे पावणेतीन वर्षं तुम्ही फक्त ही भरपाई भरून काढत बसणार, आणि तोवर तो मुलगा दुसऱ्या शोरूमला गेलेला असेल. सेल्समन किंवा सुपरवायझर कायद्यात कुठे बसतो यावर हे आकडे बदलतात, म्हणून मजूर कायदा पाहणाऱ्या वकिलाला एकदा पगारपत्रक दाखवाच.

आणखी एक. एकाच प्रकारच्या कामातल्या लोकांतून कपात करायची तर जो शेवटी आला तो आधी जातो, हा कायद्यातला सर्वसाधारण क्रम. तो मोडायचा तर कारणं लिहून ठेवावी लागतात. सल्लागाराचा क्रम बरोबर उलटा आहे, आणि ‘पगार जास्त’ हे कारण कागदावर लिहून तुम्ही कुणासमोर उभ्या राहणार? हिशेबाचे पैसे दोन कामाच्या दिवसांत चुकते करायचे असतात, हेही लक्षात असू द्या.

मग पैसा वाचवायचा कुठून? सर्किट सिटीची जी मोठी स्पर्धक, बेस्ट बाय, तिचीही २०१२ मध्ये तुमच्यासारखीच अवस्था होती. लोक दुकानात येऊन वस्तू बघत आणि ऑनलाइन घेत. त्या वर्षी प्रमुख झालेल्या युबेर जोली यांनी माणसं कमी करणं हा शेवटचा उपाय मानला. आधी विक्री वाढवायची, मग पगाराव्यतिरिक्तचा खर्च कापायचा, आणि तरीही भागलं नाही तरच माणसांकडे बघायचं. टीव्ही हलवाहलवीत फुटतात, त्याचं नुकसान केवढं होतं, असल्या गोष्टी त्यांनी धुंडाळल्या. २०१३ पासून ऑनलाइन किमतीला किंमत भिडवण्याची मुभा दुकानांना दिली. पुढे २०२१ मध्ये त्याच कंपनीने सुमारे ५,००० जणांना कमी केलं, तेही सांगायला हवं. माणूस कधीच कमी करायचा नाही असा नियम कुणीही पाळू शकत नाही. पण क्रम महत्त्वाचा होता.

तुमच्या घरचा क्रम असा लावा. तिन्ही गोडाऊनमध्ये सहा महिन्यांपेक्षा जुना माल किती पडला आहे? फुटलेले पॅनेल, पोचे आलेले फ्रिज, डेमोला लावलेले आणि नंतर घसघशीत सवलतीत द्यावे लागलेले टीव्ही, यांची यादी करा. टेम्पोच्या फुकट फेऱ्या मोजा. मुख्य म्हणजे, कंपन्यांकडून यायची स्कीमची रक्कम आणि क्रेडिट नोट वेळेवर मागितली जाते का ते पाहा. गोव्यातल्या कौटुंबिक दुकानांत हा पैसा कुणी पाठपुरावा न केल्यामुळे बुडताना मी जितका पाहिला आहे, तितका पगारात बुडताना पाहिलेला नाही.

आता कामांची वाटणी. सगळ्यांनी सगळं करायचं, हे मला पटत नाही. मोबाइल आणि फ्रिज हे दोन वेगळे धंदे आहेत. मोबाइलचं गिऱ्हाईक तरुण, घाईत, मॉडेल दर दोन महिन्यांनी नवं. जुन्या फोनमधले फोटो आणि व्हॉट्सॲप नव्यात घालून दिलं की ते खूश. तिथे तुमची चलाख मुलं ठेवा. फ्रिज, मशीन, एसी, टीव्ही, इनव्हर्टर यांचं गिऱ्हाईक नवरा-बायको आणि बहुधा सासूसह येतं, दोनदा येतं, घरी जाऊन विचार करतं. तिथे जाणती माणसं. बिलिंग आणि ईएमआयचा कागद हे तिसरं काम, त्यात चूक चालत नाही, म्हणून ते एका ठरलेल्या माणसाकडेच हवं. अडचणीच्या वेळी एकमेकांची जागा घेता यावी एवढं शिक्षण सगळ्यांना द्या, पण ‘हे माझं काम’ असं प्रत्येकाला म्हणता आलं पाहिजे.

चौथं काम तुमच्याकडे बहुधा कुणाचंच नाही, आणि मला त्याचीच सगळ्यांत जास्त काळजी वाटते. विक्रीनंतरचं. गिऱ्हाईक पैसे भरून बाहेर पडलं की त्याचा वाली कोण? डिलिव्हरी उद्या म्हटलं आणि परवाही आली नाही, इन्स्टॉलेशनवाला स्टँडचे वेगळे पैसे मागतो, तिसऱ्या आठवड्यात मशीन आवाज करतं. प्रत्येक वेळी फोन दुकानात येतो आणि जो उचलतो तो ‘कंपनीला कळवा’ म्हणून ठेवतो. इथे एक टेबल टाका, एक खुर्ची, एक वेगळा मोबाइल नंबर आणि एक जाड वही. तिन्ही दुकानांचं हे काम फोंड्याहून चालेल. ही खुर्ची काकांची.

खुर्चीचं मुद्दाम लिहितो आहे. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कर्मचाऱ्यांना बसायची सोय देणं कायद्याने बंधनकारक केलं. तुम्ही कायद्याची वाट बघू नका. सकाळी साडेनऊपासून रात्री आठपर्यंत लादीवर उभं राहून ज्यांचे गुडघे गेले, त्यांना आणि बाकीच्यांनाही गिऱ्हाईक नसताना टेकायला स्टूल द्या. त्याने दुकानाची शान कमी होत नाही.

काकांकडे आणखी दोन कामं द्या. एक, एसी किंवा इनव्हर्टर विकण्याआधी घर बघायला जो मुलगा जाईल, त्याने काय बघून यायचं ते ठरवणं. जिना आणि गच्ची मुलाने चढायची, त्याने आणलेले फोटो आणि मापं काकांनी बघायची, आणि ‘दीड टन नको, एकच पुरे’ हे काकांनी सांगायचं. दुसरं, शिकवणं. जून-जुलैत पाऊस असतो, फ्लोअर ओस असतो. तेव्हा रोज दुकान उघडल्यावर एक तास दोन-तीन मुलांना त्यांच्या समोर बसवा.

किमतीबद्दल एक महत्त्वाचा बदल. तुमच्याकडे आज हजार रुपयांची सवलत द्यायची झाली तरी सेल्समन बाबांच्या केबिनकडे धावत असणार. तोवर गिऱ्हाईक मोबाइल काढतं. जुन्या माणसांना ठरावीक मर्यादेपर्यंत स्वतः किंमत कमी करायचा अधिकार द्या, मर्यादा मॉडेलवार लिहून द्या, आणि महिन्याअखेर कुणी किती सोडलं ते बघा. ज्या माणसाला जागेवर ‘हो’ म्हणता येतं, त्याच्याशीच गिऱ्हाईक बोलत राहतं.

कमिशन. एक तृतीयांश ठरलेला पगार हा विचार डोक्यातून काढून टाका. १८ हजारवाल्याला सहा हजार ठरलेले, म्हणजे किमान वेतनाच्या पार खाली. तुम्ही पहिल्याच महिन्यात कायद्याच्या कचाट्यात सापडाल. शिवाय नव्या व्याख्येप्रमाणे भत्ते, कमिशन वगैरे मिळून एकूण मिळकतीच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग पगारातच धरला जातो, तेव्हा पीएफ-ग्रॅच्युइटी वाचवायचा हेतूही साधत नाही. आणि पगार-तासांसारख्या अटी बदलायच्या तर २१ दिवसांची आगाऊ नोटीस लागते.

पण कायदा बाजूला ठेवला तरी मी हे नकोच म्हणेन. ज्याच्या घरचा गॅस सिलिंडर आजच्या बिलावर अवलंबून आहे, तो माणूस ‘तुम्हाला हा एसी नको’ असं कसं म्हणेल? तो एक्स्टेंडेड वॉरंटी गळ्यात मारेल, सहकाऱ्याचं गिऱ्हाईक पळवेल, आणि तक्रार घेऊन आलेल्याकडे पाठ फिरवेल कारण तक्रारीला कमिशन नाही. बेस्ट बायने १९८९ मध्ये कमिशनची पद्धत सोडली आणि ती वाढली. सर्किट सिटीने २००३ मध्ये सोडली, पण कमिशनवाल्या सुमारे ३,९०० जणांना काढूनच. तिला त्याचा फायदा झाला नाही. तेव्हा कमिशन ठेवलं की सोडलं यावर सगळं ठरत नाही, माणसं जपली का यावर ठरतं.

माझं मत असं : ठरलेला पगार आहे तेवढा राहू द्या. वरचा भाग छोटा ठेवा आणि तो पूर्ण दुकानाच्या महिन्याच्या कामावर द्या. त्यात विक्री धरा, पण परत आलेला माल आणि आठवड्यात न मिटलेल्या तक्रारी वजा करा. डिलिव्हरीच्या पोरांनाही त्यात वाटा द्या. फ्रिज न खरचटता पोचवणं ही विक्रीच आहे. कंपन्या ‘हे मॉडेल विका, नगामागे इतके घ्या’ म्हणून जे देतात ते एका डब्यात जमा होऊ दे आणि सगळ्यांत वाटलं जाऊ दे. नाहीतर तुमच्या दुकानात काय विकायचं ते कंपनीचा एरिया मॅनेजर ठरवणार.

त्यावरून प्रमोटर. ही मुलं मेहनती असतात, त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण त्यांचा पगार कंपनी देते, टार्गेट कंपनी देते, आणि पुढच्या महिन्यात कंपनी त्यांना मडगावला पाठवते. त्यांनी आपल्या मॉडेलची माहिती द्यावी, डेमो द्यावा. पण आलेल्या गिऱ्हाइकाशी पहिलं बोलणं आणि शेवटचा दर हे तुमच्या माणसाने करायचं, आणि प्रमोटरच्या छातीवर कंपनीचं नाव ठळक दिसलं पाहिजे, म्हणजे गिऱ्हाइकाला कळतं कोण कुणाच्या बाजूने बोलतो आहे.

चुलतभावाचं तुम्ही पत्रात शेवटी आणि दोन ओळींत लिहिलं, पण ती गोष्ट पहिली आहे. १९ जणांच्या पगारपत्रकात सर्वांत मोठा आकडा बहुधा त्याचा, आणि सर्वांत मोठ्या पगाराची माणसं शोधणाऱ्या अहवालात तोच नाही. हे तुमच्या लक्षात आलं तसं तिन्ही दुकानांतल्या प्रत्येकाच्या लक्षात आलेलं आहे, खात्री बाळगा. तो बाराला येत असताना साडेनऊला शटर उघडणाऱ्यांच्या पगाराला तुम्ही हात लावलात, तर पुढे तुम्ही कितीही चांगला बदल आणा, कुणी मनापासून साथ देणार नाही. त्याच्याशी आधी बोला, एकट्याने नव्हे, बाबांना आणि काकांना, म्हणजे तुमच्या सख्ख्या काकांना, बरोबर घेऊन. तो दुकानाचा भागीदार म्हणून हिस्सा घेणार असेल तर तो नफ्यातून घ्यावा, जेवढा होईल तेवढा. मॅनेजरचा पगार हवा असेल तर मॅनेजरचे तास आणि मॅनेजरचं काम. दोन्हीपैकी एक. घरात दोन महिने अबोला होईल. तो सोसा.

बाबांचा अबोला मात्र मोडा. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा डिचोलीत ट्रकवाल्यांच्या घरी नवा टीव्ही येणं एका रात्रीत बंद झालं होतं. अशा वेळी त्यांनी माणसं कशी सांभाळली? माल कमी ठेवला, उधारी वसूल केली, दुसऱ्या दुकानात माणूस हलवला? ते त्यांना विचारा आणि लिहून घ्या. त्यांना वाटत असेल की तुम्ही त्यांचं आयुष्यभराचं काम चुकीचं ठरवायला निघाला आहात. तुम्ही त्यांच्याकडे शिकायला बसलात तर ते बोलतील.

हे सगळं करूनही एखाद-दोन माणसं जास्त ठरली तर? ठरू शकतात; दोन दुकानांचं बिलिंग एका पद्धतीवर आणलं की एक जागा उरते. मोबाइलच्या काउंटरवरची मुलं वर्षाकाठी एखाद-दुसरी स्वतःहून जातातच. गेलेल्याची जागा भरू नका, उरलेल्याला तिथे शिकवून हलवा. फोंड्याच्या माणसाला डिचोलीला पाठवायचं तर येण्याजाण्याचा खर्च द्या आणि पावसाळ्यात उशिरा सोडू नका. तरीही कुणाला जावंच लागलं, तर त्याला तीन महिने आधी सांगा, ओळखीच्या दुकानदारांकडे स्वतः शब्द टाका, आणि पै-पैचा हिशेब हातात द्या.

काकांना काय सांगायचं हे तुम्ही विचारलंत. आता काढायचं नाही, तरी सांगायचं आहेच, कारण फ्लोअर सोडून टेबलावर बसणं त्यांना शिक्षा वाटू शकते. २२ वर्षं जो माणूस विकत आला, त्याला ‘तुम्ही आता तक्रारी बघा’ म्हटलं तर त्याच्या कानाला ‘तुम्ही आता अडगळीत’ असं ऐकू येईल. म्हणून दुकानात, सगळ्यांसमोर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर नको. बाबांसह त्यांच्या घरी जा. सरळ सांगा : ‘काका, पगार आहे तोच राहील. तिन्ही दुकानांत विक्री झाल्यावर गिऱ्हाइकाला कुणी विचारत नाही, आणि त्यावर लक्ष ठेवायला तुमच्याइतका जाणता दुसरा कुणी नाही. मुलांना तयार करायचं आहे. जुनी गिऱ्हाइकं तुमचं नाव घेऊन आली तर तुम्ही फ्लोअरवर येणारच.’ अहवालात त्यांचं नाव होतं हे त्यांच्या कानावर आलं असेल तर नाकारू नका. ‘होतं, आणि मी ते मानलं नाही’ असं म्हणा. मग त्यांना बोलू द्या. ते नाही म्हणाले तर आणखी एक महिना द्या, टेबल दुपारपुरतं करून बघायला सांगा. नव्या कामाचं पत्र लेखी द्या, पदाचं नाव नीट लिहा, आणि मोबाइलच्या मुलांपासून टेम्पोच्या ड्रायव्हरपर्यंत प्रत्येकाला त्याच्या कामाचं असं पत्र मिळू द्या.

वेळेचं म्हणाल तर मे महिना एसीचा आणि लग्नांचा, त्यात हात घालू नका. चवथीच्या आधीचा महिना ते दिवाळी तर अजिबात नाही. भावाशी बोलणं आणि गोडाऊनची यादी आत्ताच उरकून घ्या, जूनमध्ये नोटीस लावा, जुलैत शिकवणी आणि नवी वाटणी सुरू करा. तिन्ही दुकानांची मिळून एक बैठक घ्या, पण शुक्रवारी नको. त्या दिवशी म्हापशाचा बाजार असतो आणि तिथल्या मुलांना उसंत मिळायची नाही. मंगळवारी सकाळी फोंड्याला बोलवा, तिन्ही दुकानं तेवढी दोन तास उशिरा उघडा, आणि तो वेळ कुणाच्या पगारातून कापू नका.